चोवीस डायरेक्टरांची पारख

गेल्या वर्षी एका कंपनीच्या वार्षिक सभेस हजर राहण्याचा प्रसंग आला. वडिलांनी पूर्वी केव्हा तरी घेतलेले थोडेसे भाग वारसाहक्काने आमच्या नावावर चढलेले; तेवढ्या आधारावर आम्हीही त्या कंपनीचे अंशमात्र धनी. सभा पाऊण तासात आटोपली. अहवाल वाचला असे समजून संमत झाला, लाभांशाचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला, आणि मंडळी चहाच्या टेबलाकडे वळली. अहवालाची पाने चाळता चाळता एका परिच्छेदावर मात्र आमची नजर अडली. संचालक मंडळाने या वर्षी आपल्या स्वतःच्या कामगिरीचे मूल्यमापन केले असून त्याच्या फलिताविषयी मंडळास समाधान वाटते, असा त्याचा आशय होता. २०१३ च्या कंपनी कायद्याने बाजारात भाग विकणाऱ्या कंपन्यांवर असे वार्षिक मूल्यमापन करण्याचे व ते कसे केले हे अहवालात सांगण्याचे बंधन घातले आहे. तेव्हा लिहिणाऱ्यांकडे त्यात दोष नाही. परंतु ज्याने पंचवीस-तीस वर्षे परीक्षकाचा धंदा केला, त्यास एखाद्या विद्यार्थ्याने आपली उत्तरपत्रिका आपणच तपासून आपण समाधानी असल्याचे कळवावे, तर जसे वाटेल तसे आम्हांस वाटले.

संचालकांची परीक्षा घ्यावी कोणी आणि कोणत्या प्रश्नपत्रिकेवर, हा विचार मनात घोळू लागला की इतिहासाच्या अभ्यासकास एका मंडळाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. लंडनच्या लेडनहॉल रस्त्यावर बसून ज्या चोवीस गृहस्थांनी प्रथम मिरी-मलमलीचा व्यापार केला आणि पुढे कोट्यवधी माणसांवर राज्य केले, ते ईस्ट इंडिया कंपनीचे डायरेक्टर. या मंडळाच्या कामगिरीची जेवढ्या वेळा, जेवढ्या लोकांनी आणि जेवढ्या कागदांवर चौकशी केली, तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणत्या मंडळाची झाली असेल. चौकश्यांची उणीव कधीच नव्हती. तरी जे व्हायचे ते झाले. ते कसे, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम या संस्थेची घडण ध्यानात घेतली पाहिजे. ३१ डिसेंबर १६०० रोजी मिळालेल्या सनदेने कंपनी जन्मास आली, आणि अठराव्या शतकाच्या आरंभी दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे एकीकरण होऊन तिला पुढे टिकलेले रूप आले. तळाशी भागधारकांची सभा. पाचशे पौंडांचे भाग ज्याच्या नावावर, त्यास एक मत. मत देणारा पुरुष आहे की स्त्री, इंग्रज आहे की डच, हे कोणी विचारीत नसे. ज्या काळी इंग्लंडातील स्त्रीस पार्लमेंटच्या निवडणुकीत मत नव्हते, त्या काळी तिला बंगालच्या राज्यकारभारात मत होते! ही सभा दर तिमाहीस भरे, आणि नऊ भागधारकांनी मागणी केली तर मधूनही बोलवावी लागे. तिने दरवर्षी एप्रिलात चोवीस डायरेक्टर निवडायचे. डायरेक्टर होण्यास दोन हजार पौंडांचे भाग असावे लागत. कागदावर पाहिले तर यापेक्षा जागरूक व्यवस्था आजच्या कायदेपंडितांसही सुचणार नाही. वार्षिक निवडणूक, तिमाही सभा, नऊ जणांच्या सहीने मंडळास जाब विचारण्याची मुभा! डायरेक्टर भागधारकांच्या मुठीत होते, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की भागधारकांना हवे काय होते?

१७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर याचे उत्तर उघडे पडू लागले. विलायतेस परतलेला क्लाइव्ह आणि मंडळाचा प्रबळ पुढारी लॉरेन्स सलिव्हन यांचे वैर जुंपले. हा सलिव्हन आपल्या मुंबईत उमेदीची वर्षे काढून, व्यापारात पैसा मिळवून लंडनला गेलेला. कामाचा मोठा वाघ. मीर जाफराने क्लाइव्हला वर्षास सुमारे २७,००० पौंडांची जहागीर दिली होती, आणि तिचा पैसा कंपनीच्या तिजोरीतून जात असल्यामुळे तो चालू ठेवणे वा थांबविणे डायरेक्टरांच्या हाती होते. १७६३ च्या निवडणुकीत क्लाइव्हने एक लक्ष पौंड खर्चून भाग विकत घेतले, ते पाचशे-पाचशेंच्या तुकड्यांनी आप्तमित्रांच्या नावे केले आणि त्यांना मतदानास धाडले. सलिव्हननेही असाच खेळ मांडला होता. तो जिंकला, आणि लगोलग जहागिरीचा पैसा बंद झाला. पुढच्या वर्षी बंगालमधून युद्धाच्या वार्ता आल्या, भागधारक घाबरले, क्लाइव्हला गव्हर्नर करून परत पाठविण्याचे ठरले, सलिव्हनचे आसन डळमळले आणि जहागीर दहा वर्षांकरिता पुन्हा सुरू झाली. डायरेक्टरांच्या कामगिरीचे हे मूल्यमापन! ज्याने अधिक मते विकत घेतली त्याचे डायरेक्टर चांगले.

१७६५ मध्ये क्लाइव्हने बादशहाकडून बंगाल, बिहार व ओरिसा यांची दिवाणी मिळविली आणि विलायतेस लिहिले की सर्व खर्च वजा जाता वर्षाकाठी साडेसोळा लक्ष पौंड निव्वळ उरतील. हे पत्र १७६६ च्या वसंतात लंडनला पोचताच भागांचे भाव चढू लागले. डायरेक्टर म्हणत होते, थांबा, हा पैसा अजून हाती आलेला नाही. परंतु सप्टेंबरात भागधारकांनी त्यांचा सल्ला झुगारून लाभांश सहा टक्क्यांवरून दहावर नेला. १७६७ च्या मे महिन्यात तो साडेबारावर नेण्याचा ठराव केला. पार्लमेंटला कायदा करून त्यांना दहावर थोपवावे लागले, आणि तेवढ्यात सरकारनेही या लुटीतील आपला वाटा म्हणून वर्षास चार लक्ष पौंड कंपनीकडून कबूल करून घेतले. त्याच सुमारास आणखी एक ठराव झाला, तो आम्हांस फार बोलका वाटतो. बंगालमधील ज्या नोकरांनी बंदी असता नजराणे उकळले होते, त्यांच्यावर डायरेक्टरांनी खटले भरले होते. ते खटले मागे घ्यावेत असे भागधारकांच्या सभेने ठरविले. कारण उघड होते. नजराणे घेऊन परतलेल्या या मंडळींनी त्याच पैशाने कंपनीचे भाग घेतले होते, आणि आता ते सभेत बसून आपल्या न्यायाधीशांचा न्याय करीत होते.

येथे डायरेक्टरांच्या बाजूने दोन शब्द लिहिणे न्यायाचे होईल. त्यांची त्या काळची पत्रे वाचणारास प्रथम आश्चर्यच वाटते. आपल्या नोकरांनी खाजगी व्यापारातून मिळविलेली संपत्ती ही कोणत्याही देशात वा युगात ऐकिवात नसलेल्या जुलमाची कमाई आहे, अशा अर्थाचे शब्द १७६६ साली खुद्द डायरेक्टरांनी लिहिले आहेत. आपल्या राष्ट्रीय पक्षाच्या वक्त्यांनीही यापेक्षा कडक शब्द क्वचितच वापरले असतील. मिठाच्या व्यापारात नोकरांनी हात घालू नये, असे त्यांनी बजावले. क्लाइव्हने त्याच नोकरांची मिठाची मक्तेदार मंडळी उभी केली. ती मोडा असे त्यांनी लिहिले. ती १७६८ पर्यंत चालूच राहिली. केपला वळसा घालून पत्र जाण्यास सहा महिने, कधी अधिक. उत्तर येण्यास तितकेच. आज्ञा पोचे तेव्हा ज्याला आज्ञा करायची तो पुष्कळदा पैसा घेऊन परतीच्या गलबतावर चढलेला असे, आणि विलायतेस उतरून भागधारक झालेला असे.

मग १७६९-७० चा बंगालचा दुष्काळ आला. वॉरन हेस्टिंग्जच्या अंदाजाप्रमाणे प्रजेपैकी सुमारे एक तृतीयांश नष्ट झाली. हा अंदाज थोडा अधिक धरा वा उणा. पण वसुलाचे आकडे कंपनीच्याच वहीतले आहेत. दुष्काळापूर्वी १७६८-६९ मध्ये बंगालचा निव्वळ वसूल सुमारे १ कोट ५२ लक्ष रुपये होता; दुष्काळानंतर १७७१-७२ मध्ये तो सुमारे १ कोट ५७ लक्ष झाला. माणसे तृतीयांशाने घटली आणि वसूल पाच लाखांनी वाढला! हेस्टिंग्जने नोव्हेंबर १७७२ मध्ये डायरेक्टरांस स्वच्छ लिहून कळविले की वसूल जबरदस्तीने पूर्वीच्या पातळीवर राखला गेला. जे जगले त्यांना मेलेल्यांचाही सारा भरावा लागला. आणि लाभांश? १७७१ मध्ये तो साडेबारा टक्क्यांवर पोचला. भागधारकांच्या एकमेव कसोटीप्रमाणे पाहू जाता, ज्या वर्षी बंगालची शेते ओस पडली होती, ते वर्ष डायरेक्टरांच्या कामगिरीचे सर्वोत्कृष्ट वर्ष ठरते.

डायरेक्टरांना दुष्काळाची खबर नव्हती असे नाही. आपल्या नोकरांनी धान्य अडवून नफा केल्याच्या तक्रारी त्यांच्या कानी आल्या होत्या. १७७१ मध्ये त्यांनी त्याविषयी खरमरीत पत्रही पाठविले. पत्रे ते नेहमीच उत्तम लिहीत. मात्र त्या वर्षीच्या लाभांशाचा ठराव पत्राच्या भाषेत नव्हता, आकड्यांत होता.

फुगा फुटला तो बंगालमुळे नव्हे, लंडनच्या बाजारामुळे. भागांच्या सट्ट्यात १७६९ सालीच, हैदर अली मद्रासेवर चाल करून आल्याची वार्ता पोचताच अनेकांची धूळधाण झाली होती; सलिव्हनही त्यात बुडाला. जून १७७२ मध्ये एका सराफी पेढीचा चालक फोर्डाइस हा पळून गेला आणि लंडनची पत गोठली. कंपनीच्या वखारीत चहाचे ढीग पडून होते, जकात भरण्यास पैसा नव्हता, आणि बँक ऑफ इंग्लंडने आणखी कर्ज देण्याचे नाकारले. ज्या कंपनीला वर्षास साडेसोळा लक्ष उरणार होते, तिने सरकारपुढे पदर पसरला. १७७३ मध्ये तिला १४ लक्ष पौंडांचे कर्ज मिळाले, लाभांश सहा टक्क्यांवर बांधला गेला, आणि पडून राहिलेला चहा अमेरिकेत खपविण्याची जी सवलत तिला मिळाली तिचा शेवट बोस्टनच्या बंदरात कसा झाला हे सर्वश्रुत आहे.

त्या वर्षीच्या रेग्युलेटिंग ॲक्टने काय सुधारले? मताची किंमत पाचशेंवरून हजार पौंडांवर नेली, आणि भाग निदान वर्षभर नावावर असल्यावाचून मत देता येऊ नये असे ठरविले. डायरेक्टरांची मुदत चार वर्षांची झाली. दरवर्षी सहा जणांनी निवृत्त व्हायचे. उपाय शहाणपणाचा दिसतो. पण निवृत्त झालेले सहा जण एक वर्ष घरी बसत आणि पुढल्या एप्रिलात मंडळाने पुरस्कारलेल्या यादीतून बहुधा निवडून येत. चोवीसांचे मंडळ प्रत्यक्षात तिसांचे झाले, एवढेच. आळीपाळीने बाहेर बसण्याची ही सोय ज्यांनी आपल्याकडील संस्थांच्या निवडणुका पाहिल्या आहेत, त्यांना अपरिचित वाटणार नाही.

मराठ्यांशी या मंडळाचा संबंध याच काळात निकटचा झाला. मार्च १७७५ मध्ये मुंबईकरांनी राघोबादादांशी सुरतेचा तह केला, तो कलकत्त्याने नामंजूर करून मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. आणि त्यानंतर विलायतेहून डायरेक्टरांचे पत्र येऊन थडकले की सुरतेचा तह आम्हांस पसंत आहे! साष्टी व वसई यांवर त्यांचा फार दिवसांचा डोळा. त्या पत्राने मुंबईकरांस जोर चढला, आणि त्याची परिणती जानेवारी १७७९ मध्ये वडगावच्या माळावर झाली. तेथे महादजी शिंद्यांनी इंग्रजी फौजेची जी परीक्षा घेतली, तिचा निकाल मात्र तत्काळ लागला.

पुढील पन्नास वर्षांचा वृत्तांत लवकर सांगता येईल. १७८४ मध्ये पिटच्या कायद्याने डायरेक्टरांवर सरकारी बोर्ड बसले, आणि बोर्डाने मान्य केलेला निर्णय फिरविण्याचा भागधारकांचा अधिकार गेला. वेलस्लीच्या लढायांनी वाढलेल्या कर्जाविरुद्ध डायरेक्टर कळवळून लिहीत राहिले आणि राज्य वाढत राहिले. १८१३ मध्ये हिंदुस्थानच्या व्यापाराचा मक्ता गेला, १८३३ मध्ये चीनचा. कागद मात्र वाढले. १८१४ ते १८२९ या सोळा वर्षांत हिंदुस्थानातून आलेल्या दप्तराचे बारा हजारांवर मोठे खंड लेडनहॉल रस्त्यावर जमा झाले.

१८३३ च्या कायद्यातील एका कलमाकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. कंपनीने व्यापार बंद करायचा, राज्य तेवढे करायचे. मग भागधारकांना लाभांश कशातून? पार्लमेंटने ठरविले की ६० लक्ष पौंडांच्या भांडवलावर साडेदहा टक्के, म्हणजे वर्षास ६,३०,००० पौंड, हिंदुस्थानच्या महसुलातून द्यावेत. आणि चाळीस वर्षांनी शंभराच्या भागास दोनशे या दराने पैसे चुकते करण्याची मुभा ठेवावी. म्हणजे राज्य उत्तम चालले तरी साडेदहा, वाईट चालले तरी साडेदहा, पिकले तरी तेवढेच आणि दुष्काळ पडला तरी तेवढेच. सत्तर वर्षांपूर्वीचा भागधारक लोभाने का होईना, बंगालमध्ये काय चालले आहे याची बातमी विचारीत असे. आता तेवढेही कारण उरले नाही.

साताऱ्याचे प्रकरण या मंडळापुढे आले ते अशा वेळी.

छत्रपती प्रतापसिंहांना इंग्रजांनी १८१८ मध्ये गादीवर बसविले. १८१९ मध्ये तह झाला. त्यांच्या कारभारावर डायरेक्टर इतके खूष होते की १८३५ मध्ये त्यांनी महाराजांस प्रशंसेचे पत्र व एक तलवार पाठविली. म्हणजे वरिष्ठ मंडळाने कनिष्ठ राज्याच्या कामगिरीचे मूल्यमापन करून बक्षीस दिले, असे म्हणावयास हरकत नाही. मुंबई सरकारने ते पत्र आणि ती तलवार महाराजांस पोचूच दिली नाही. जहागिरींच्या हक्कावरून वाद चालू होता, आणि पुढे महाराजांवर हिंदी शिपायांना फितविल्याचे, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी व नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी कारस्थान केल्याचे आरोप आले. रीतसर न्यायचौकशी न होता सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना गादीवरून काढून काशीस पाठविण्यात आले. काढणारा गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक. हाच गृहस्थ १८३६ व १८३७ या सालांत डायरेक्टरांचा चेअरमन होता. ज्या मंडळाकडे त्याच्या निर्णयावर दाद मागायची, त्या मंडळाच्या खुर्चीवरून तो दोनच वर्षांपूर्वी उठला होता.

महाराजांचे वकील म्हणून रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ च्या अखेरीपर्यंत तेथेच ठाण मांडून बसले. त्यांचे चरित्र प्रबोधनकार ठाकऱ्यांनी तळमळीने लिहिले आहे. येथे ते सांगण्याचे प्रयोजन नाही. पण त्या घरंदाज मराठी माणसाने लेडनहॉल रस्त्यावर जी चौदा वर्षे घातली, ती कंपनीच्या घटनेची सर्वांत कठोर कसोटी होती. वर सांगितलेली सारी यंत्रणा त्यांनी वापरून पाहिली. डायरेक्टरांस अर्ज केले, छापील पुस्तिका वाटल्या, पार्लमेंटची दारे ठोठावली. स्वतःला सभेत मत नव्हते, तेव्हा ज्यांना होते असे मित्र मिळविले. जोसेफ ह्यूम, जॉर्ज टॉम्सन, जॉन सलिव्हन अशा भागधारकांनी साताऱ्याचा प्रश्न पुनःपुन्हा सभेपुढे आणला. वादविवाद दिवसेंदिवस चालले, शब्दन् शब्द छापला गेला. आणि दर वेळी बहुमत डायरेक्टरांच्या बाजूने पडले. त्या बहुमतात दुष्ट माणसे फार असतील असे आम्हांस वाटत नाही. बहुतेकांनी कागद वाचले नसतील. न वाचल्याने त्यांचे काही जात नव्हते. त्यांचे साडेदहा टक्के हिंदुस्थानच्या महसुलावर बांधलेले होते, आणि त्या महसुलात सातारा तालुक्यातल्या कुणब्याचा साराही पुढे मिळायचा होता.

तो मिळण्यास फार वेळ लागला नाही. १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीस वारले. त्यांच्या जागी बसविलेले बंधू शहाजी १८४८ च्या एप्रिलात वारले. त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी दत्तक मानावा असे लिहिले. डलहौसीने मानू नये असे लिहिले. जानेवारी १८४९ मध्ये डायरेक्टरांनी डलहौसीचा निर्णय कायम केला. हेन्री टकर या वृद्ध डायरेक्टराने आपला विरोध लेखी नोंदविला. नोंद झाली, दप्तरात गेली. मंडळात एकही शहाणा, न्यायी मनुष्य नसतो असे सहसा होत नाही. त्याचे मत इतिवृत्तात सुरक्षित राहते.

१८५३ मध्ये सनदेचा विचार पुन्हा झाला. डायरेक्टर चोवीसांचे अठरा झाले, त्यांतील सहा सरकारने नेमायचे ठरले, आणि मुलकी नोकऱ्या वाटण्याचा त्यांचा अधिकार परीक्षांकडे गेला. वर्षास तीनशे पौंड वेतनाच्या या पदासाठी एवढी चुरस का असे, ते या अधिकारामुळे; तो गेल्यावर पदाची गोडीही गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस रंगो बापूजी रिकाम्या हाताने परतले. १८५७ मध्ये साताऱ्यास त्यांच्या सीताराम नावाच्या मुलास फाशी झाली. स्वतः रंगो बापूजी नाहीसे झाले, ते पुन्हा कोणास दिसले नाहीत.

राज्य आता काढून घेतले जाणार हे दिसू लागताच १८५८ मध्ये कंपनीने आपल्या कामगिरीचे समर्थन पार्लमेंटपुढे ठेवले. गेल्या तीस वर्षांत हिंदुस्थानच्या कारभारात झालेल्या सुधारणांची जी टिपणी तेव्हा प्रसिद्ध झाली, तिचा कर्ता जॉन स्टुअर्ट मिल. आमच्या पिढीने कॉलेजात ज्याचा स्वातंत्र्यावरील ग्रंथ भक्तिभावाने वाचला तोच हा मिल. १८२३ पासून तो कंपनीच्या कचेरीत नोकरीस होता आणि पत्रव्यवहार तपासणारा मुख्य अधिकारी झाला होता. कालवे, रस्ते, शाळा, सतीबंदी, ठगांचा बंदोबस्त अशी त्याची मांडणी आहे, आणि त्यातील पुष्कळसे खरेही आहे. १८५२ मध्ये लॉर्डांच्या समितीपुढे त्याने कंपनीची एक थोरवी सांगितली होती: हिंदुस्थानचा सारा कारभार लेखी चालतो, आणि कारणे नोंदविल्याविना तेथे काहीही केले जात नाही. साताऱ्याच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. तलवार अडकविल्याची कारणे नोंदलेली आहेत, गादी काढून घेतल्याची नोंदलेली आहेत, दत्तक नाकारल्याचीही आहेत. आज ती आम्हांस वाचावयास मिळतात, याबद्दल मिलचे आणि त्याच्या कचेरीचे आभार मानले पाहिजेत.

१८५८ मध्ये राज्य राणीकडे गेले. लेडनहॉल रस्त्यावरची इमारत १८६१ मध्ये पाडली. कंपनी मात्र आणखी काही वर्षे नावापुरती जिवंत राहिली, कारण भागधारकांचा लाभांश चालू होता. १८५७ च्या धुमाळीतही त्याची हमी तशीच होती. शेवटी चाळीस वर्षांची मुदत भरली, शंभराच्या भागास दोनशे पौंड या दराने हिशेब चुकता करण्यात आला, आणि १ जून १८७४ रोजी कंपनी कायद्याने विसर्जित झाली.